ओलाव्याचा काटा

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. निपाणी

आले एकदाची! बेळगावहून टेम्पोत बसून, मांडीवर बाबांची खोकी घेऊन आले. संकेश्वरपाशी उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता तुंबवला होता. ड्रायव्हर म्हणाला, आक्का, खोकी मागं ठिवा की, पाय अवघडतील. मी म्हटलं, पाय अवघडले तर चोळता येतात, खोकं चेपलं तर काय करू? त्याला वाटलं आत काचसामान आहे.

आत आहे बबलगम! फटका बबलगम, साल १९९६. वर्ल्डकपच्या वर्षी निपाणीतल्या प्रत्येक शाळेबाहेर हे विकलं जायचं आणि त्याची एजन्सी आमच्या बाबांची होती. पाकिटात एक गुलाबी वडी आणि एका क्रिकेटवाल्याचं कार्ड. पुढं कंपनी बुडाली आणि ही खोकी सीलबंदच राहिली. आई ती भंगारात द्यायला काढायची, बाबा परत माळ्यावर ठेवायचे. बाबा गेले, आम्ही बेळगावला गेलो, तर खोकीही मागून आली. आता म्हणे अशा जुन्या, न उघडलेल्या खोक्यांना सोन्याचा भाव आहे. आत कुठली कार्डं आहेत ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणूनच भाव. उघडलं की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण लोक आता पैसे लावून खेळतायत.

हे सगळं मला समर्थनं समजावलं. समर्थ माझा शाळेतला मित्र. तो शाळेच्या फाटकातच पाकीट दातानं फाडायचा. मी मात्र पाकीट न उघडता जपून ठेवायची, आत कोण आहे या विचारातच मला मजा यायची. म्हणून त्यानं माझं नाव कुलूप ठेवलं होतं, अजून तेच म्हणतो. त्यातलं एक पाकीट या डायरीच्या कप्प्यात अजून बंद आहे. समर्थचा धंदा असा: देशभरातली बंद खोकी त्याच्या वखारीत ठेवायची, लोकांनी त्यात पैसे गुंतवायचे. कागदावर मालक बदलत राहतात, खोकं जागचं हलत नाही. मी भागीदार. बाबांची खोकी हे माझं भांडवल आणि सगळ्या खोक्यांची निगा हे माझं काम.

शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडताना मला जराही वाईट वाटलं नाही. आज रंगारी पाटीवर माझं नाव लिहीत होता, समर्थ आणि पारमिता. बाबा असते तर त्यांनी रंगाऱ्याला चहा पाजला असता.

६ नोव्हेंबर, बुधवार

वखार समर्थच्या पणजोबांची, परशरामअण्णांची. पूर्वी इथं तंबाखू भरायचे. तंबाखू जाऊन जमाना झाला, पण वास भिंतीत मुरलाय आणि मी दिवसभर शिंकतेय. वर माझी राहायची खोली. खाली मधोमध खोक्यांची खोली, तिथं एसी आणि भिंतीवर ओलावा मोजायचं गोल यंत्र.

समर्थनं पहिला धडा श्वासाचा दिला. माणूस आत गेला की त्याच्या श्वासानं खोलीतला ओलावा वाढतो, यंत्राचा काटा चढतो, पुठ्ठा सैल पडतो. म्हणून आत जायचं, बघायचं, बाहेर यायचं. मला पटेना. मी यंत्रासमोर उभी राहून मोठ्यानं पाढे म्हटले. तेराच्या पाढ्याला काटा चढला. आपल्या श्वासालाही वजन असतं हे पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं आणि उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

खोलीच्या दाराशी स्टुलावर एक म्हातारा राखणदार असतो. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरू बांधलेली काठी. नाव सत्याप्पा. मला बघून उठला, कमरेत वाकला आणि म्हणाला, जोहार. माझ्या अंगाची आग झाली. माझ्या आज्यानं टाकून दिलेला शब्द हा! मी म्हटलं, आप्पा, आपली माणसं आता वाकत नाहीत, जय भीम म्हणतात. त्यांनी विचारलं, भीम कोन, बाई? कणकुंबीकडच्या रानातलं गाव आहे म्हणे त्यांचं. रानात सगळं उशिरा पोचतं हे मान्य, पण इतकं उशिरा?

तरी शिकवलं. दोनतीनदा चुकले, मग छान म्हणाले. जय भीम म्हणताना पाठ आपोआप सरळ झाली त्यांची.

१० नोव्हेंबर, रविवार

आज जेवायला समर्थच्या घरी. त्याच्या आईंनी, जयाबाईंनी, भरली वांगी केली होती. लहानपणी मी त्यांच्या दारात गेले की मला चहा वेगळ्या कपात मिळायचा, तो कप खिडकीत पालथा असायचा. आज ताट त्यांच्या शेजारी. जेवण झाल्यावर त्यांनी माझी ओटी भरली. मी म्हटलं, मावशी, आम्ही हे करत नाही आणि माझं लग्नही झालेलं नाही. त्या म्हणाल्या, लेकीची भरत्यात गं, वखारीचं आता तूच बघायची. बोलताना त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. नारळ पदरात घेतला.

जुनं सगळं पुसायला माणसाला फार काही लागत नाही. रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती नुसती हं म्हणाली. आईला कौतुक करायला कधीच जमलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

एक विचित्र गोष्ट. काही खोकी पोकळ लागतायत. सील शाबूत, वरचं प्लास्टिक कडक, पण उचललं की हातात पेंढा धरल्यासारखं. बाबांच्या खोक्यांपैकीही एक. समर्थला दाखवलं तर त्याचा चेहरा पडला. वाळवी नाही, उंदीर नाही. तो म्हणाला, या वखारीत माल टिकायला राखण नीट लागते, म्हाताऱ्याचं आता लक्ष उडालंय. मी हसले. राखणदार पेंगला म्हणून बंद खोक्यातला माल कसा आटेल?

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. दुपारी सत्याप्पांना आत बोलावलं, बराच वेळ खोक्यांची चळत लावून घेतली. दोघं आत असूनही काटा माझ्या एकटीच्या श्वासाइतकाच चढला. मग मी बाहेर आले, ते एकटेच आत राहिले. काटा खाली उतरला आणि तिथंच थांबला.

वायरमन भरमूला बोलावून यंत्र तपासलं. यंत्र ठणठणीत. त्यानं आत उभं राहून फुंकर मारून दाखवली, काटा लगेच चढला. मी त्याला सत्याप्पांबद्दल विचारलं तर म्हणाला, कोन सत्याप्पा? ते त्याच्या मागंच बसले होते. तो गेल्यावर सत्याप्पा म्हणाले, मी सगळ्यास्नी दिसत न्हाय बाई, आपल्या माणसालाच दिसतो. खरंच आहे. म्हातारा नोकर कोणाच्या डोळ्यांत भरतो?

मी भुतंखेतं मानत नाही. बाबांनी तसं वाढवलंच नाही. यंत्राची जागा बदलून बघेन.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

जागा बदलली. फरक नाही.

समर्थला सरळ विचारलं, हा माणूस कोण? त्यानं स्टुलाकडे पाहिलं, पण थोडं बाजूला. सत्याप्पा उजवीकडे टेकून बसले होते, हा डावीकडे बघत होता. म्हणाला, पणजोबांपासूनचा माणूस हाय, थकलाय, घरी जायचं म्हणतोय. आमचं ऐकत न्हाय, तू सांगितलंस तर जाईल. तुमचाच माणूस हाय न्हवं.

तुमचा. एवढं शिकून, एका पंगतीत जेवूनही हा शब्द निघतोच तोंडातून. मनाला लागलं, पण सोडून दिलं. पणजोबांपासूनचा म्हणजे किती वर्षांचा, हे विचारायचं राहूनच गेलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज सत्याप्पांना घरी पाठवलं. सगळं नीट लिहून ठेवते, कारण मन थाऱ्यावर नाही.

भर दुपारी मी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन गेले. ती त्यांनी नेहमीसारखी बाजूला ठेवली. मग आपणहून बोलायला लागले. घरी गंगव्वा हाय, बायकू. तिचे दिवस भरत आल्यात. मालक म्हणाले, बस हितं, मी येस्तवर हलू नगंस, मी व्हय म्हनलो. मालक आलंच न्हाईत. मी विचारलं, कोण मालक? तर म्हणाले, परशरामअण्णा. या वयात बायको बाळंत व्हायचीय म्हणतात म्हणजे डोकं फिरलंय बिचाऱ्यांचं, एवढंच मला वाटलं. मी म्हटलं, आप्पा, मग जावा की घरी, बसणार किती दिवस! ते म्हणाले, कसा जाऊ? हितलं कोन राखनार?

मी काय म्हणणार? जे कुणीही म्हणालं असतं तेच म्हटलं. जावा तुम्ही, मी बघते हितलं.

राखशील न्हवं? त्यांनी विचारलं. राखते की, मी म्हटलं. आनि कंटाळून उठनार न्हाईस? मी हसून म्हटलं, मला शाळेत कुलूप म्हणायचे, आप्पा.

ते हमसून हमसून रडले. काठी माझ्या हातात दिली. वाकले, पण मी धरायच्या आत माझ्या पायाला हात लावून म्हणाले, चूक झाली बाई, पोटात घाल. मग ताठ उभे राहिले, जय भीम म्हणाले आणि उन्हात गेले. फाटकाशी कुत्रं झोपलं होतं, त्यानं कानही हलवला नाही.

काठी जड आहे. हातात गार लागतेय.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

भूक नाही. कालचा डबा तसाच, आजचाही तसाच. ताप असेल. शिंका मात्र थांबल्या.

पोकळ खोकी पुन्हा जड झालीत! सगळी. बाबांचंही. समर्थला हाक मारून सांगितलं, तो फाटकातूनच आत बघत होता. पाटीकडे मान वर करून उभा राहिला आणि निघून गेला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आत गेले. काटा हलला नाही.

तेराचा पाढा म्हटला. मग सतराचा. मग ओरडले. मग यंत्राच्या काचेला तोंड लावून फुंकर मारली. काच स्वच्छ राहिली.

भरमू आला होता. हाक मारत होता, आक्का, हाईसा का? मी त्याच्यासमोर उभी होते. तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता. माझा मोबाईल पायरीवर पडला होता, तो त्यानं उचलला आणि मागून आलेल्या समर्थला दिला. समर्थनं खिशात टाकला.

३० नोव्हेंबर, शनिवार

पुण्याहून गुंतवणूकदार आले होते. समर्थ त्यांना सांगत होता, खोकी कितीही वर्षं राहू देत, आमच्याकडं राखण पिढीजात आहे. त्यांनी खोकी हातात घेऊन बघितली, खूश झाले. पाटीवर माझ्या नावावरून रंग मारलेला आहे. रंगारी तोच.

ते गेल्यावर समर्थ स्टुलासमोर आला. माझ्या डावीकडे बघत बोलला. कुलपे, असशील तर ऐक. म्हातारा उठायला लागला की माल आटतो, आज्याच्या वेळी असाच आटलेला. दुसरं कोण बसवू? आपल्या तोंडानं व्हय म्हणणारं पायजे, आणि ज्याला उघडायचा मोह न्हाय असं पायजे. आणि राखणेचा मान तुमच्याच लोकांचा, पहिल्यापासून.

मान म्हणाला. मान!

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते आज कळलं. भागीदारी, पाटी, वांगी, ओटी. त्या बाईला ठाऊक होतं. नारळ पदरात घालताना ठाऊक होतं, म्हणून रडत होती. मी काठी उचलून त्याच्या तोंडावर मारली. त्यानं माशी आल्यासारखा गाल पुसला. मग तो रडला. मला त्याचं रडणंसुद्धा नको होतं.

आणि सत्याप्पा. तुम्ही तर माझे होतात. मी तुम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं.

२ डिसेंबर, सोमवार

उघडलं तर? उघडलं की किंमत संपली, किंमत संपली की राखण संपली. बाबांचं खोकं मांडीवर घेतलं. प्लास्टिकला नख लावलं. नख पुढं सरकेना. डायरीतलं पाकीट काढलं, दातात धरलं, समर्थ फाडायचा तसं. दात मिटेनात.

अठ्ठावीस वर्षं न उघडण्याचा अभिमान वाटायचा मला.

६ डिसेंबर, शुक्रवार

आजच्या दिवशी आम्ही तिघी पांढरी साडी नेसून बाबासाहेबांना अभिवादन करायला जातो. आई, धाकटी बहीण रचना, मी. एकही वर्ष चुकलं नाही. आज काही झालं तरी जायचं म्हणून निघाले. फाटक उघडं. कुत्रं ओलांडलं. रस्त्यावर पाय टाकला आणि —

स्टूल. पुन्हा निघाले. स्टूल. दिवसभर हेच.

संध्याकाळी समर्थच्या खिशात माझा मोबाईल वाजला. आईचा आवाज ऐकू आला. तो म्हणाला, मावशी, पारमिता कार्डांच्या कामाला दुबईला गेलीय, फोन हितंच विसरली. आई म्हणाली, आज? आजच्या दिवशी गेली?

मी आई, आई म्हणत होते. आई म्हणाली, बरं. फोन ठेवला.

८ डिसेंबर

तंबाखूचा वास येत नाही आता. कसलाच नाही.

आईचा चेहरा आठवताना मधे मधे — नाक कसं होतं —

११ डिसेंबर

रचना आलीय.

माझी धाकटी. बेळगावहून पहिल्या गाडीनं. आक्का सहा तारखेला मला न भेटता दुबईला जाईलच कशी, म्हणत समर्थला ढकलून आत आली. आणि थेट माझ्याकडे बघितलं. उजवीकडे. मला. आक्का, अगं काय झालं तुझं, किती वाळलीस! गळ्यात पडली. तिचा श्वास माझ्या मानेवर. मागं काटा चढला.

समर्थ दारात उभा आहे. तिच्याकडे बघतोय. अडवत नाही. का अडवत नाही ते मला कळलं.

तिला सांगायचं. पळ म्हणायचं. काही बोलू नकोस, कसलाच होकार देऊ नकोस, माझ्यासाठी रडूही नकोस, पळ. आत्ता म्हणते. ती माझ्यासाठी पाणी आणायला गेलीय, आली की पहिलं हेच. म्हणून लिहून ठेवतेय, विसरू नये म्हणून. पळ. पळ. मी सत्याप्पा नाही. मी —

आली. पाणी स्टुलाशी ठेवलं. केस सारखे करतेय माझे, आई करायची तसे. तोंड उघडलं मी. पळ म्हणायला उघडलं. निघालं वेगळंच. एवढंच निघालं, की मला आईकडे जायचंय गं. खोटं नाही ते. एवढंच —

रडतेय ती. नको. बोलू नकोस — तिच्या तोंडावर हात ठेवायचा, ठेव, ठेव की हात — हात मांडीवरच —

म्हणतेय, मग जा की आक्का, बसणार किती दिवस, जा तू, हितलं मी ब